एअरोस्पेस पदवीची फेररचना आणि एनपीटीईएल : काय सोपवावे, काय हाताशी ठेवावे

एअरोस्पेस किंवा एअरोनॉटिकल अभियांत्रिकीची पदवी मिळवण्यासाठी विद्यार्थ्याने नेमके काय काय पूर्ण केलेले असावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत नव्याने लिहिले जात आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) चौकट आखून दिली. त्यापुढे २० जादा श्रेयांक मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला ऑनर्स किंवा मायनर देण्याची सोय केली आणि हे जादा श्रेयांक ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतील, हेही तिथेच नमूद केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांना एका सत्रातल्या विषयांच्या २० टक्क्यांपर्यंत मान्यता दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. परिणामी अभ्यास मंडळाच्या बैठकीत विषयांचा तक्ता समोर आला, की ‘हा विषय एनपीटीईएलला देऊन टाकू’ हे वाक्य हमखास कानावर पडते. या विषयाचा शिक्षक म्हणून मी अशा बैठकांना बसतो आणि विद्यार्थी हे अभ्यासक्रम कसे करतात तेही जवळून पाहतो. त्यामुळे एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची, एअरोस्पेस शाखेतली सेवा पदवीची अट म्हणून कितपत उतरते, याचा हा सविस्तर अभिप्राय.

निष्कर्ष आधीच सांगतो. सिद्धान्त शिकवण्याच्या कामी ही सेवा इतकी चांगली आहे, की आपल्याकडच्या बहुसंख्य महाविद्यालयांनी ती कृतज्ञतेने वापरावी. मात्र तिच्यामुळे शिक्षकाचे आणि वेळापत्रकाचे जे तास मोकळे होतात, ते प्रयोगशाळेला आणि डिझाइनला मिळतील असे पदवीच्या अटींत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर फेररचनेच्या नावाखाली पदवी पातळ होते. या दुसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही, आणि म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

ज्यांना या सेवेची फारशी माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. एनपीटीईएल हा सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून २००३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे. प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम २०१४ पासून सुरू झाले आणि आज ते ‘स्वयं’ मंचावरून चालतात. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ श्रेयांक धरले जातात. नाव नोंदवणे, व्याख्याने पाहणे आणि दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवणे पूर्णपणे मोफत आहे. परीक्षेला बसायचे असेल तरच शुल्क पडते, आणि मी पाहिलेल्या सत्रांत ते एका विषयाला १००० रुपये होते. परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, संगणकावर तीन तास द्यायची असते. अंतिम गुणांत स्वाध्यायाचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ स्वाध्याय मोजले जातात. स्वाध्यायात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण मिळाले, तरच प्रमाणपत्र मिळते. व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती उतरवून घेता येतात आणि लिखित संहिताही मिळतात. वसतिगृहात इंटरनेट रखडत असलेल्या, किंवा बारावीपर्यंत मराठीतून विचार करत आलेल्या आणि वेगवान इंग्रजी व्याख्यान एकदा ऐकून न कळणाऱ्या विद्यार्थ्याला या संहितांचा फार मोठा आधार होतो. वाक्य थांबवून पुन्हा वाचता येणे ही सोय कोणत्याही वर्गात नाही.

आता विषयांकडे वळू. प्रोपल्शन, म्हणजे विमान किंवा रॉकेट पुढे ढकलणारी यंत्रणा, या विषयात आयआयटी मुंबईच्या प्रा. भास्कर रॉय आणि प्रा. ए. एम. प्रदीप यांच्या व्याख्यानमाला आहेत. एक एअरोस्पेस प्रोपल्शनची ओळख करून देणारी, दुसरी जेट इंजिनांवर, तिसरी टर्बोमशिनरीच्या (फिरत्या पात्यांच्या यंत्रांच्या) वायुगतिकीवर. या तिन्ही क्रमाने केल्या तर कॉम्प्रेसरच्या एका पात्यावरून वाहणाऱ्या हवेपासून संपूर्ण इंजिनाच्या चक्रापर्यंतचा प्रवास नीट उलगडतो. गणिते सोडवून दाखवण्यासाठी त्यांत स्वतंत्र व्याख्याने राखलेली आहेत, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते, कारण आपल्या वर्गांत वेळ कमी पडला की सर्वांत आधी बळी जातो तो ट्युटोरियलचा. रॉकेट प्रोपल्शनवर आयआयटी मद्रासच्या प्रा. के. राममूर्ती यांची मालिका आहे, तर वायूंच्या गतिकीवर त्याच संस्थेतल्या प्रा. टी. एम. मुरुगानंदम यांची. अवकाशयानांच्या उड्डाण-यांत्रिकीसाठी आयआयटी खरगपूरच्या प्रा. मनोरंजन सिन्हा यांची मालिका आहे. तीत समीकरणांची मांडणी भरगच्च असल्याने चित्रफीत पाहताना वही-पेन हातात नसेल, तर पहिल्या काही व्याख्यानांतच धागा सुटतो. विमानाची कामगिरी, स्थिरता आणि नियंत्रण या विषयांवर आयआयटी कानपूरच्या प्रा. ए. के. घोष यांचे अभ्यासक्रम आहेत आणि माझ्या मते पदवीच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी हेच करावेत. शेपटीचा आकार का वाढवायचा आणि गुरुत्वमध्य किती मागे सरकला तर चालेल, हे प्रश्न समजल्याशिवाय पुढचे सगळे हवेत राहते.

विमान-डिझाइनवर आयआयटी मुंबईच्या प्रा. राजकुमार पंत यांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. डिझाइन हा विषय फळ्यावर शिकवणे सर्वांत अवघड, कारण त्यात एकच बरोबर उत्तर नसते. किती प्रवासी, किती अंतर, किती लांबीची धावपट्टी या मागण्यांवरून सुरुवात करायची, उड्डाणवजनाचा एक अंदाज धरायचा, त्यावरून इंधनाचा आणि रिकाम्या विमानाच्या वजनाचा हिशेब करायचा, बेरीज जुळली नाही की अंदाज बदलून पुन्हा तेच करायचे; मग पंखभार (पंखाच्या दर चौरस मीटरवर येणारे वजन) आणि थ्रस्ट-वजन गुणोत्तर (इंजिनाचा रेटा भागिले विमानाचे वजन) यांच्या आलेखावर वेगवेगळ्या अटींच्या रेषा काढून कोणता कोपरा आपल्याला परवडतो ते पाहायचे. प्रवासी जेट विमानाच्या रचनेला गुरुत्वाच्या अडीच पट भार सहन व्हावा आणि त्यावर दीडपटीचा सुरक्षा-गुणक असावा, या नियमांचा पंखाच्या स्पारवर (आतल्या मुख्य तुळईवर) काय परिणाम होतो, हे इथे पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या लक्षात येते. हा अभ्यासक्रम ही सगळी साखळी संयमाने दाखवतो आणि एअरोस्पेसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो करावा, असे मी निःसंकोच म्हणेन. पण नेमका याच विषयात काही मंडळे असे गृहीत धरतात, की प्रमाणपत्र आले म्हणजे डिझाइन झाले. डिझाइन म्हणजे चार-पाच जणांच्या गटाने आपल्याच विमानाचे वजन महिनाभर जुळवत बसणे, त्यातल्या एकाने शेपूट बदलली म्हणून दुसऱ्याचे सगळे आकडे मोडीत निघणे, आणि शेवटी मार्गदर्शकासमोर उभे राहून प्रत्येक निर्णयाचे कारण सांगणे. पर्याय निवडून उत्तर देण्याच्या परीक्षेत यांतले काहीच मोजता येत नाही. त्यामुळे पंतांचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षात ठेवावा आणि चौथ्या वर्षी डिझाइन प्रकल्प महाविद्यालयात, समोरासमोर, पूर्ण वजनाने ठेवावा; पहिल्याने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

याच कारणासाठी प्रयोगशाळेबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण श्रेयांकांच्या तक्त्यात तिची बाजू मांडायला कोणी नसते. लहान, कमी वेगाच्या विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडणाऱ्या चाचणी-बोगद्यात) एअरफॉइल (पंखाच्या छेदाच्या आकाराचा नमुना) बसवून त्याच्या पृष्ठभागावरच्या छिद्रांतून दाब मोजण्याचा प्रयोग सगळीकडे असतो. स्वाध्यायात हवेची घनता १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर दिलेली असते. २० मीटर प्रति सेकंद वेगाला गतिज दाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) २४५ पास्कल, म्हणजे मॅनोमीटरमध्ये (दाब मोजण्याच्या नळीत) पाण्याचा सुमारे २५ मिलिमीटर स्तंभ, असे उत्तर येते आणि गुण मिळतात. हाच प्रयोग पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, एप्रिलच्या दुपारी ३५ अंश तापमानात केला, तर हवेची घनता सुमारे १.०७ भरते आणि त्याच वेगाला स्तंभ २२ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. पुस्तकातली घनता डोळे मिटून वापरणारा विद्यार्थी या रीडिंगवरून वेग सुमारे १८.७ मीटर प्रति सेकंद काढतो, पंख्याच्या नियंत्रकावरचा आकडा वेगळे सांगतो, आणि मग तो उपकरण बिघडल्याची तक्रार घेऊन येतो. त्या क्षणी त्याला बॅरोमीटर आणि थर्मामीटर वाचायला लावणे, घनता स्वतः काढायला लावणे, आणि विमानाचा दर्शक-वेग (काट्यावर दिसणारा) व खरा वेग वेगळे का असतात हे त्याच मॅनोमीटरपाशी समजावणे, हे काम कोणतीही ध्वनिचित्रफीत करू शकत नाही. नळीच्या जोडातून बारीक गळती असली की एकच छिद्र विचित्र दाब दाखवते. ते रीडिंग जर्नलमध्ये तसेच उतरवायचे, खोडायचे की नळी बदलून पुन्हा घ्यायचे, हा निर्णयही अभियंत्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. पुढे कारखान्यात किंवा चाचणी-केंद्रात त्याला रोज असेच निर्णय घ्यावे लागणार असतात.

विमानाच्या स्थिरतेच्या बाबतीतही तेच. फ्युगॉइड म्हणजे विमानाचे वेग आणि उंची यांची अदलाबदल करत चालणारे संथ दोलन. सोप्या सूत्राने ५० मीटर प्रति सेकंद वेगाला त्याचा कालावधी सुमारे २२ ते २३ सेकंद येतो आणि असा प्रश्न परीक्षेत हमखास शोभतो. आयआयटी कानपूरकडे स्वतःची धावपट्टी आणि उड्डाण-प्रयोगशाळेची विमाने आहेत, आणि बाहेरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठीही तिथे उड्डाण-चाचणीचे छोटे प्रशिक्षणवर्ग घेतले गेले आहेत. विमानाच्या आसनावर बसून, घड्याळ हातात धरून तो कालावधी मोजलेला विद्यार्थी आणि केवळ सूत्रात किंमत घातलेला विद्यार्थी यांच्या आकलनातला फरक त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले तरी कळतो. पदवीच्या नव्या अटींत अशा प्रशिक्षणाला एक-दोन श्रेयांक द्यावेत आणि प्रवासखर्चासाठी महाविद्यालयाने तरतूद करावी, ही सूचना मी आग्रहाने करतो. ४० टक्क्यांची मुभा वापरून जे पैसे वाचतात, ते खर्च करण्यासाठी याहून चांगली जागा मला दिसत नाही.

मूल्यमापनाच्या बाजूने एनपीटीईएल जितके कडक वाटते तितके नाही आणि जितके सैल म्हणून हिणवले जाते तितकेही नाही. साप्ताहिक स्वाध्यायांची उत्तरे इंटरनेटवर उघडपणे फिरतात, ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळे २५ टक्क्यांच्या त्या भागाचा पदवीच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. मात्र ७५ टक्क्यांची परीक्षा केंद्रावर, देखरेखीखाली होते आणि तिथे अभ्यास न केलेला विद्यार्थी सहसा तरत नाही. अडचण परीक्षेच्या स्वरूपात आहे. पर्याय निवडणे किंवा आकडा भरणे यांतून, मॅक २ च्या (ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या) प्रवाहात उभा धक्का-तरंग आला तर दाब साडेचार पट होतो आणि पलीकडचा मॅक अंक ०.५८ च्या आसपास उतरतो, एवढे तपासता येते. तो धक्का मुळात का तयार झाला, इंजिनाच्या तोंडाशी त्याने एकूण दाबातला जवळपास २८ टक्के भाग का गिळला आणि म्हणून स्वनातीत विमानांच्या इनटेकला (हवा आत घेणाऱ्या तोंडाला) तिरपे धक्के देणारी रचना का करतात, हे विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकावे लागते. म्हणून माझी शिफारस अशी, की एनपीटीईएलचे गुण जसेच्या तसे स्वीकारावेत, त्यांत कोणतीही कपात करू नये, पण प्रत्येक तीन श्रेयांकांच्या ऑनलाइन विषयाला एक श्रेयांकाचे ट्युटोरियल जोडावे आणि त्याचा शेवट ओरल परीक्षेने व्हावा. आयोगाच्या विनियमांतही विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी आणि प्रात्यक्षिके घेण्यासाठी मूळ संस्थेने समन्वयक नेमावा, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय उपलब्ध करून द्यावे, अशी अपेक्षा आहे. ती कागदावरच राहते, याला सेवा जबाबदार नाही. आपण जबाबदार आहोत.

आता श्रेयांकांचा हिशेब, कारण सगळी गोम तिथे आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या चौकटीत आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. १६० पैकी मुख्य विषयांना ४८, शाखेतल्या ऐच्छिक विषयांना १८, खुल्या ऐच्छिक विषयांना १८, आणि प्रकल्प, सेमिनार व इंटर्नशिप मिळून १५ श्रेयांक धरलेले आहेत; उरलेले मूलभूत विज्ञान, अभियांत्रिकीची सामायिक पायाभरणी आणि मानव्यशास्त्रे यांत जातात. म्हणजे वायुगतिकी, प्रोपल्शन, रचनाशास्त्र, उड्डाण-यांत्रिकी, नियंत्रण, द्रव्यविज्ञान आणि एव्हियॉनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), प्रयोगशाळांसह, या ४८ मध्ये बसवायचे असतात. एखादा मुख्य विषय तीन तास व्याख्यान आणि दोन तास प्रात्यक्षिक असा चार श्रेयांकांचा असेल आणि त्यातली व्याख्याने एनपीटीईएलला दिली, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात शिक्षकाचे सुमारे ४५ तास मोकळे होतात. हे तास कुठे जातात, हे पदवीच्या अटींत लिहिलेले नसते. मला माहीत असलेल्या एका संस्थेत ते सरळ रिक्त पद न भरण्यात गेले. पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तुकड्या मोठ्या झाल्या, एका विंड टनेलभोवती विद्यार्थ्यांची गर्दी झाली आणि मागे उभ्या असलेल्यांनी पुढच्यांची रीडिंग्ज उतरवून घेतली. श्रेयांक पूर्ण होते, तक्ता निर्दोष होता, आणि शिक्षण कमी झाले होते.

म्हणून फेररचनेच्या मसुद्यात एक कलम असावे, असे मी प्रत्येक बैठकीत मांडतो: ऑनलाइन दिलेल्या प्रत्येक मुख्य विषयामागे मोकळ्या झालेल्या तासांपैकी निदान निम्मे तास त्याच विषयाच्या प्रयोगशाळेला, ट्युटोरियलला किंवा डिझाइनला देण्यात येतील आणि प्रात्यक्षिकाच्या तुकडीचा आकार वाढवला जाणार नाही. हे कलम विद्वत परिषदेत मंजूर झाले की ते वेळापत्रकात उतरते. तोंडी आश्वासन एका सत्रापलीकडे टिकत नाही.

खुल्या आणि शाखेतल्या ऐच्छिक विषयांसाठी मात्र हात सैल सोडावा. लहान महाविद्यालयात दहन-विज्ञान, मानवरहित विमानांचे डिझाइन, टर्बोमशिनरी आणि कक्षीय यांत्रिकी हे चारही विषय शिकवू शकणारे प्राध्यापक एका छताखाली मिळणे जवळपास अशक्य असते. एनपीटीईएलवर दहनाच्या मूलतत्त्वांसाठी आयआयटी कानपूरचे प्रा. डी. पी. मिश्रा आहेत आणि स्थिर पंखांच्या मानवरहित विमानांवर त्याच संस्थेचे प्रा. सुब्रह्मण्यम सदरला आहेत. कोल्हापूर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला आवडीचा विषय अशा तज्ज्ञांकडून शिकण्याची संधी मिळते, ही या सेवेची सर्वांत मोठी देणगी आहे. इथे ४० टक्क्यांची मर्यादा पूर्ण वापरली तरी माझी हरकत नाही.

अवकाश-बाजू आपल्या जुन्या अभ्यासक्रमांत नेहमीच दुबळी राहिली आहे आणि तिथे एनपीटीईएल खरोखर उपयोगी पडते. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणारी एबेट ही संस्था याबाबत काय मागते ते पाहण्यासारखे आहे. विमानविषयक पदवीसाठी वायुगतिकी, द्रव्ये, रचना, प्रोपल्शन, उड्डाण-यांत्रिकी आणि स्थिरता-नियंत्रण. अवकाशविषयक पदवीसाठी कक्षीय यांत्रिकी, अवकाशातले पर्यावरण, यानाच्या अभिमुखतेचे (त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे याचे) मापन व नियंत्रण, दूरसंचार, अवकाश-रचना आणि रॉकेट प्रोपल्शन. आणि ‘एअरोस्पेस’ हे नाव लावायचे असेल तर एका बाजूचे सर्व विषय आणि दुसऱ्या बाजूचे काही. आपल्याकडे २०१४ पासून भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य असल्याने अशा तुलनेला व्यावहारिक अर्थही आहे. पदवीच्या नावात ‘एअरोस्पेस’ लिहून कक्षीय यांत्रिकी ऐच्छिक ठेवणाऱ्या मंडळांनी ती मुख्य विषयांत आणावी. सिन्हा आणि राममूर्ती यांच्या मालिका हाताशी असताना शिक्षक नाही ही सबब आता चालणार नाही. अभिमुखता-नियंत्रण आणि दूरसंचार यांची प्रात्यक्षिके मात्र स्वतःच उभारावी लागतील. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ वरून गेला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ पीएसएलव्ही सी-३५ वरून. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे काम जमते, हे महाराष्ट्रात दोनदा दिसले आहे. अशा प्रकल्पावर सलग दोन-तीन सत्रे राबणाऱ्याला ऐच्छिक विषयाइतके श्रेयांक देण्याची वाट नव्या अटींत असली पाहिजे.

राहता राहिल्या काही व्यवहाराच्या गोष्टी. एनपीटीईएलवरचा प्रत्येक अभ्यासक्रम प्रत्येक सत्रात उपलब्ध असतोच असे नाही, आणि वर उल्लेखलेल्या मालिकांपैकी काहींची ध्वनिचित्रमुद्रणे प्रमाणपत्र सुरू होण्याआधीची आहेत; ती शिकायला सदैव खुली आहेत, पण परीक्षा त्या सत्रात असेलच याची खात्री नसते. त्यामुळे पदवीच्या अटींत विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव कोरू नये. त्याऐवजी कोणते घटक आले पाहिजेत ते लिहावे आणि त्या सत्रातले मान्य अभ्यासक्रम विभागाने नोंदणी सुरू होण्यापूर्वी जाहीर करावेत. वर्ग जानेवारी आणि जुलैपासून सुरू होतात, परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास येतात; महाविद्यालयाची सत्रपरीक्षा आणि सबमिशन त्याच आठवड्यात ठेवले तर विद्यार्थ्याची दोन्हीकडे कुचंबणा होते. एनपीटीईएलची परीक्षा हुकली किंवा गुण कमी पडले तर महिन्याभरात पुरवणी परीक्षा मिळत नाही, म्हणून शेवटच्या सत्रात मुख्य विषय ऑनलाइन ठेवणे टाळावे. अन्यथा एका विषयासाठी पदवी सहा महिने अडकते. परीक्षा पदवीची अट म्हणून सक्तीची केली असेल, तर तिचे शुल्क महाविद्यालयाने भरावे, कारण विद्यार्थ्याने त्या विषयाच्या शिक्षणाचे पैसे वार्षिक शुल्कात आधीच दिलेले असतात.

येत्या सत्रात स्वतःहून सुरुवात करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माझा क्रम असा: दुसऱ्या वर्षात प्रा. घोष यांचा विमानाच्या कामगिरीवरचा अभ्यासक्रम, त्याच्याबरोबर एअरोस्पेस प्रोपल्शनची ओळख. तिसऱ्या वर्षात वायूंची गतिकी, स्थिरता-नियंत्रण आणि पंतांचे विमान-डिझाइन. कक्षीय यांत्रिकी त्यानंतर, सदिश आणि अवकल समीकरणे हाताखालून गेल्यावर. एका सत्रात दोनपेक्षा जास्त अभ्यासक्रम घेऊ नयेत, प्रत्येक व्याख्यानाचे टिपण हाताने काढावे, आणि ज्या आठवड्यात पडद्यावर एअरफॉइल आला त्याच आठवड्यात आपल्या प्रयोगशाळेच्या सहायकांकडून विंड टनेलची वेळ मागून घ्यावी.